पेटतं विमान आणि टाकीवरचे बाबा

आमच्या भिवंडीच्या घरात, बेडरूममधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, मी एकदा एकशे चाळीस माणसांचं पेटतं विमान मुंबईच्या धावपट्टीवर जवळजवळ उतरवलं होतं.

विमान खोटं होतं. (माणसंही खोटी. आधीच सांगतो, नाहीतर तुम्हाला उगाच माझ्याबद्दल आदर वाटायचा.) त्या वर्षांत नुकतंच केबलवाल्याचं इंटरनेट आलं होतं आणि मला नवा नाद लागला होता. हौशी लोकांची एक मंडळी होती. काहीजण घरच्या कॉम्प्युटरवर विमानं उडवायचे आणि काहीजण कंट्रोलर बनून हेडफोनवरून त्यांना वाट दाखवायचे. मला कंट्रोलर व्हायचं होतं. त्यासाठी शेवटची परीक्षा असायची: विमानात काहीतरी भयंकर बिघडतं आणि ते तुम्ही सुखरूप उतरवायचं. मी दोनदा नापास झालो होतो. तिसऱ्यांदा झालो तर वर्षभर परीक्षेला बसायचं नाही, असा नियम होता.

परीक्षा रविवारी अकराला, आणि आमच्याकडे बाराला लोडशेडिंग. लाइट जायच्या आधी गल्लीत सगळ्यांच्या मोटारी पाणी चढवायला एकदम सुरू व्हायच्या. आमची मोटार लागली की व्होल्टेज असं पडायचं, की कॉम्प्युटर मान टाकायचा. म्हणून मी आदल्या दिवशीच फर्मान काढलं.

"उद्या अकरा ते बारा मोटार नाही, मिक्सर नाही, इस्त्री नाही."

"आणि पाणी?" माझी बायको सुनंदा म्हणाली.

"टाकीत आहे."

"बघितलंत?"

"आहे गं."

हे माझे बाबा ऐकत होते. बाबांनी तीस वर्षं लूम दुरुस्त केले. त्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू येतं, बोलतात मात्र गल्लीला ऐकू जाईल असं, आणि 'आहे गं' असल्या उत्तरांवर त्यांचा काडीचाही विश्वास नाही.

अकरा वीसला पायलटचा आवाज आला. मेडे, मेडे! डाव्या इंजिनाला आग, धूर आत शिरतोय. मला दरदरून घाम फुटला. पण यावेळी सगळं पाठ होतं. (भिंतीवर कागदही चिकटवला होता.) घाबरायचं नाही. माणसं किती, इंधन किती, ते विचारायचं. बाकीच्यांना बाजूला काढायचं. फायर ब्रिगेड उभी करायची. आणि संकटातल्याला सोडून जागचं हलायचं नाही. ही शेवटची ओळ मी लाल पेनानं लिहिली होती.

तेवढ्यात सुनंदा आत आली. "अहो, बाबा टाकीवर अडकलेत. शिडी घसरून खाली गल्लीत पडली."

मी हात वर केला. थांब.

आमची टाकी गच्चीपासून बारा फूट उंच, आणि मे महिन्याचं ऊन. बाबा पाणी बघायला चढले होते. मी वहीवर लिहिलं, 'दहा मिनिटं.' तिनं त्याच्याखाली लिहिलं, 'ऊन.'

"ए रव्या!" वरून बाबा ओरडले. हेडफोन घालूनही मला ऐकू आलं. वाईट म्हणजे पायलटलाही ऐकू गेलं.

"मुंबई, तुमच्याकडे काही इमर्जन्सी आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

सुनंदानं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि गेली. थोड्या वेळानं खिडकीतून तिचा आवाज आला.

"बाबा, हलू नका. वर तुम्ही एकटेच ना?"

"मंग काय वरात आणलीय?"

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"निस्ता चाय."

"शफीकभाई, पोरांना जिन्यातून बाजूला करा. आणि कपडा आणा."

शफीकभाई शेजारच्या लूमवाले. त्यांचे कामगार कोऱ्या कापडाचा ताका घेऊन धावले आणि तो चारपदरी करून टाकीखाली ताणून उभे राहिले. "चाचा, हिलना मत, सीढी आ रही है!" शिडी आलीही. पण बाबा उतरेनात.

"रवीला पाठव. दुसऱ्या कुनाच्या हातात मी उतरनार न्हाय. सुनंदा, माझं डोकं फिरतंय."

हे मी स्वच्छ ऐकलं. समोर विमान धावपट्टीपासून दोन मैलांवर. आज सांगतानाही लाज वाटते, पण मी उठलो नाही. वारा सांगितला, धावपट्टी मोकळी आहे म्हणून सांगितलं. हजार फूट. सातशे. पाचशे.

आणि लाइट गेले.

बाराला अजून वीस मिनिटं होती. मी तणतणत बाहेर आलो, तर पॅसेजमध्ये सुनंदा मेन स्विचवर हात ठेवून उभी.

"अगं, पाचशे फुटांवर होतं!"

"बाबा बारा फुटांवर आहेत. चला."

मी गळ्यात हेडफोन आणि त्याची लोंबती वायर घेऊन शिडी चढलो. बाबांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी माझं मनगट असं धरलं, की आठवडाभर वळ राहिला. एकेक पायरी करत आम्ही खाली आलो. खाली शफीकभाईंच्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं माझ्यासाठी. ते सुनंदाकडे बघत होते.

बाबा तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "टाकी रिकामी हाय."

मग त्यांनी शिडीकडे बघितलं.

"आनि शिडीला दोरी बांधलेली होती. ती कुठं गेली?"

सगळे इकडेतिकडे बघू लागले. मला बघायची गरज नव्हती. वाऱ्यानं हलू नये म्हणून माझी इंटरनेटची केबल कठड्याला घट्ट बांधून ठेवली होती. आदल्या संध्याकाळी, मीच, त्याच दोरीनं.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांचा निकाल आला. सुनंदानं तो मोठ्यानं वाचला. "सुरुवात उत्तम. नापास. कारण: कंट्रोलर संकटातल्या माणसांना वाऱ्यावर सोडून गायब झाला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बरोबर लिहिलंय. फक्त त्यांना वाटतंय विमानातल्या."

वर्षभरानं मी पुन्हा परीक्षेला बसलो नाही. आता आमच्याकडे कुणाला टाकीवर चढायचं असलं, की परवानगी सुनंदाची घ्यावी लागते. मी शिडी धरून उभा असतो. दोरीच्या जागी.