ओढून पाह्यलं का?

वायर कुठलीही असो, स्क्रू कितीही आवळलेला असो, मिस्त्री ती दोन बोटांत धरून एकदा ओढून पाहायचे. हिसका नाही. गाय खुंट्याला नीट बांधली गेली ना, हे बघायला आपण दावं ओढतो, तेवढंच. मग मान वर न करता विचारायचे, "बाकीच्या ओढून पाह्यल्या का?" पाहिल्या नसतील तर पुढचं काम बंद.

मंगरूळपीरला बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. तुमच्याही गावात असं एखादं असेल. दारात जळालेले पंप आडवे पडलेले, आत वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्यापुढे रोज सकाळी ताजं फूल. सारा गाव त्यांना मिस्त्री म्हणायचा, मीही तेच म्हणायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या वर्षी आमच्या मुलांनी नागपूरच्या रोबोट स्पर्धेत उतरायचं ठरवलं. चार चाकांचा रोबोट, चाकागणिक एक मोटार, आणि प्रत्येक मोटारीचा वेग कमी-जास्त करायला काडेपेटीएवढा एक कंट्रोलर. जुळवाजुळव झाली, पण रोबोट दोन हात चालायचा आणि बसायचा. रोज नवी वायर सुटलेली. मला ओहमचा नियम तोंडपाठ, पण पक्कड धड धरता येत नव्हती. शेवटी मी मिस्त्रींचं दुकान गाठलं.

"शाळेत?" त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "मॅडम, मी सातवीतून निंगालो. मंग शाळेनं मले कधी बलावलं नाई."

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्या. राहू द्या म्हटलं, तरी काढल्याच.

वायरिंग नववीतल्या प्रणालीकडे होतं. पोरगी हुशार, पण नाकावर माशी बसू न देणारी. मिस्त्रींनी तिची एकेक जोड ओढली. निम्म्या हातात आल्या.

"पोरी, हे वायर तू जोडली नाई. नुसती ठेवली हाये."

प्रणालीचं तोंड फुगलं. दोन दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. मग तिसऱ्या दिवशी तीच विचारत होती, "काका, दरवेळी ओढून काहून पाह्यता?"

"शेतातली मोटर विहिरीत उतरते, बाई. एक वायर ढिली राह्यली का सारी मोटर वर काढा लागते. चार माणसं लागतात. मनून वर हाये तवरच ओढून पाह्याची."

त्यांनी तिला वायर किती सोलायची ते शिकवलं, टोकाला थिंबल, म्हणजे धातूची छोटी टोपी, दाबून बसवायला शिकवलं. महिनाभर ते दुपारच्या जेवणाच्या वेळेला येत. दुकानाच्या दाराला साखळी अडकवून येत, कुलूप नाही.

स्पर्धेला दोन दिवस उरले, आणि एक चाक उलटं फिरू लागलं. रोबोट जागच्या जागी गरगर फिरायचा. मुलं खो-खो हसली, मिस्त्रीही हसले. "काई नाई. दोन वायरी बदलल्या का सुलटी फिरते."

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. पंपाची तीन फेजची मोटार उलटी फिरली की स्टार्टरला येणाऱ्या वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करायच्या, मोटार सुलटी होते. त्यांनी जन्मभर हेच केलेलं. आमच्या कंट्रोलरचं तसं नव्हतं. त्याच्या मोटारीकडच्या वायरी बदलल्या तर चाक सुलटं फिरतं. बॅटरीकडून येणाऱ्या बदलल्या तर कंट्रोलरच जळतो. हे त्यांना माहीत होतं. प्रणालीनं कंट्रोलरसोबत आलेलं पत्रक वाचूनही दाखवलं होतं. पण हाताला सवय वेगळीच. हात येणाऱ्या बाजूला गेला. त्यांनी वायरी बदलल्या, आवळल्या, आणि ओढूनही पाहिल्या.

"कर चालू," ते म्हणाले. प्रणालीनं बटण दाबलं.

फट्‌ असा आवाज झाला आणि धूर निघाला. जळका वास व्हरांड्यात गेला तसे मुख्याध्यापक आत आले. परवा नागपूर, आणि हे! "कोणी केलं?" त्यांचा आवाज चढला.

प्रणाली रडवेली झाली होती. "सर, बटण मी दाबलं."

मला ठाऊक होतं कोणी केलं. मी गप्प बसले. मिस्त्रींना मीच आणलं होतं, त्यांची अब्रू जाईल असं वाटलं, माझीही जाईल असं वाटलं. खरं सांगायचं तर त्यातलं दुसरं जास्त वाटलं. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

मिस्त्री उभे राहिले. "नाई सर. तिचं काई नाई. म्या जाळला तो. उलट्या बाजूनं वायरी लावल्या."

मुख्याध्यापक निघून गेले. ज्या शाळेनं इतक्या वर्षांनी बोलावलं, तिथे पोरांच्या देखत त्यांनी हे कबूल केलं होतं. मग जळालेला कंट्रोलर काढून त्यांनी रुमालात बांधला. "पार्सल दोन दिसात येत नाई मॅडम. सकायच्या गाडीनं अकोल्याले जातो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते एसटीतून उतरून थेट शाळेत आले. कंट्रोलर वेगळ्या कंपनीचा होता, पण ताकद तीच. तो त्यांनी प्रणालीपुढे ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"काका, लावा ना."

"तू लाव. मी पाह्यतो."

तिनं लावला. चाक पुन्हा उलटंच. प्रणालीनं बॅटरी काढली, मोटारीकडच्या दोन वायरी बदलल्या, बॅटरी लावण्याआधी सगळ्या एकेक करून ओढल्या. मग चाक सुलटं फिरलं. मिस्त्रींनी हात पाठीमागून काढले ते डोळे पुसायलाच.

नागपुरात आमचा नंबर आला नाही. दुसऱ्यांचे रोबोट धडकले की वायरी लोंबायच्या, आमचा धडका खाऊन शेवटपर्यंत चालत राहिला. परत आल्यावर मुलं सांगायला दुकानात गेली. त्यांनी एवढंच विचारलं, "वायर निंगाली का एखादी?"

"नाही काका."

"मंग झालं."

तेव्हा मी दुकानात एक नवी गोष्ट पाहिली. दारासमोर, गिऱ्हाइकाची नजर पहिली जाईल अशा खिळ्याला तो जळालेला कंट्रोलर टांगलेला. मिस्त्री लोक आपली चूक अशी दुकानात लावत नाहीत. हे काय, म्हणून कोणी विचारलं की ते सांगायचे, "म्या जाळला. शाळेत." यातला 'शाळेत' हा शब्द ते जरा ऐटीत म्हणायचे.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. साधा ताप म्हणता म्हणता आठ दिवसांत गेले. प्रणाली आता अमरावतीला पॉलिटेक्निकला आहे. ती आली, तेव्हा आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. मिस्त्रींच्या बायकोनं, काकूंनी, दुकानाची किल्ली दिली. "खिळ्यावरचं ते या पोरीसाठीच ठेवलं असन. घेऊन जा," म्हणाल्या.

दुकानात वार्निशचा वास तसाच होता. तसबिरीपुढचं फूल वाळलेलं. प्रणालीनं खिळ्यावरून कंट्रोलर काढला. त्याला एक लाल वायर अजून जोडलेली होती, त्यांनी त्या दिवशी चुकीच्या बाजूला आवळलेली. तिनं ती दोन बोटांत धरली आणि ओढून पाहिली.

निघाली नाही.