गावावरून जाताना

आत्याचं आता काही खरं नाही, शेवटचं भेटून जा, असा नागपूरहून तिच्या सुनेचा फोन आला आणि आमच्या पनवेलच्या घरात वाद पेटला. गाडीने जायचं की विमानाने?

मी म्हटलं, यात वाद कसला! नवा विमानतळ घरापासून हाकेच्या अंतरावर. पण बाबा ढिम्म हलेनात. "गाडी काढ. उद्यापर्यंत पोचू."

"आणि तोवर आत्या थांबली नाही तर?"

बाबा खिडकीबाहेर बघत बसले. असा संताप आला मला!

कारण ठाऊक होतं. आमचं गाव त्या विमानतळाखाली गेलं. भाताची खाचरं, घर, गावदेवीचं देऊळ, सगळंच. देवीला नव्या वसाहतीत वाजतगाजत नेलं, पण बाबांच्या लेखी ती जुन्या जागेवरून हललीच नाही. तिच्या आवारात आमच्यातलं कोणी पायात चप्पल घालून शिरत नसे. "आन् आता तिच्या डोक्यावरून इमानात बसून जाऊ?" बाबा म्हणाले. "माजी छाती नाय रं."

मी गाडीच्या तयारीला लागलो. टायरमधली हवा, पाण्याच्या बाटल्या, बाबांच्या गोळ्या. डोकं मात्र ठणकत होतं. गुडघ्यांनी बेजार झालेला हा माणूस एवढा वेळ बसणार कसा, आणि पोचल्यावर बघणार काय, बहीण की तिचा फोटो? हे मी तोंडावर बोललोसुद्धा. बाबांनी फक्त डोळे पुसले.

शेवटी मी आत्यालाच फोन लावला, तिला सगळं सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकून बाबांपुढे धरला. आवाज पार खोल गेलेला, पण बोलणं तेच.

"दादूस, येडा हायस काय? इमानानंच ये. पायताण काढून जा, देवी काय बोलनार नाय. आन् खिडकीशी बस. गाव उठल्यापासून माजा पाय नाय लागला तिकडं. चिंचेखालचा माजा झोपाला हाय का, तेवढं बघून ये."

बाबा विमानतळाच्या दारातच वाकले. चप्पल काढून पिशवीत ठेवली, फरशीला हात लावून कपाळाला लावला आणि अनवाणी चालू लागले. तपासणीतल्या माणसाने विचारलं, "काका, चप्पल तुटली का?"

"नाय. गाव हाय आमचं."



विमान उठलं तसं बाबांनी काचेला कपाळ टेकवलं. खाली नुसतं डांबर, मग खाडीचं पाणी, मग ढग.

"काय नाय रं," म्हणाले. "चिंच बी नाय."

आत्या होती. हाडांचा सापळा झालेली, पण होती. बाबा खाटेवर तिच्या उशाशी बसले, तिचा हात हातात घेतला. तिने डोळे उघडले आणि पहिलं हेच विचारलं, "दिसला?"

मी खाली बघितलं. लहानपणी एकदा खोटं बोललो म्हणून याच बाबांनी मला त्याच चिंचेच्या फोकाने झोडपलं होतं.

"दिसला ना," बाबा म्हणाले. "तसाच हाय."

"हलत व्हता?"

"हां बाय. आताच कोन तरी उतरून गेल्यावानी."