फिआक्राने खणलेले वाफे

फिआक्राचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. बाकीची पलटण ढोल वाजल्यावर उठे. खंदक खणणाऱ्या टोळीला ते परवडत नसे, कारण उजाडलं की समोरून गोळ्या येत. फिआक्रा उठायचा, फावड्याची धार अंगठ्यानं तपासायचा, पावाचा तुकडा खिशात घालायचा आणि कामाला लागायचा. घाई नाही, कुरकुर नाही. त्याच्या बाजूची भिंत कधी ढासळली नाही. शेजारी मी खणायचो. माझी ढासळायची.

आमची पलटण फ्रान्सच्या राजाची, माणसं सगळी आयर्लंडची. बोटीच्या तळाशी, दारूच्या पिंपांमागे लपून आलेली. इंग्रजांच्या लेखी आम्ही त्यांच्या राजाची रयत, शत्रूची चाकरी करणारी. त्यांच्या हाती लागलो तर फास. आणि तरीही आमचा कोट लाल, हुबेहूब त्यांच्यासारखा. कवायतीचे हुकूमसुद्धा इंग्रजीत. इंग्लंडची गादी गमावलेल्या आमच्या जुन्या राजाच्या फौजेत तसं होतं, म्हणून इकडे फ्लँडर्समध्येही तसंच चालू राहिलं.

खणण्याचे वेगळे पैसे मिळत. आमचे बिअरमध्ये जात. फिआक्रा ते बायकोकडे, गोदलीव्हकडे ठेवायला देई. ती इथलीच, पलटणीचे कपडे धुणारी. एकदा चोरट्या बोटीनं घरी जायचं आणि आईला भेटायचं, यासाठी ते पैसे होते. फ्रेंच त्याला येत नव्हतं. पलटणीत सगळे आपलेच, बायकोशी तिच्या फ्लेमिशमधले चार शब्द, मग फ्रेंच कशाला लागतं?

मे महिन्यात लढाई झाली. धुरात कोण कुठे ते कळेना. बंदुकीचा दस्ता फिआक्राच्या डोक्यात बसला आणि तो पडला. शुद्धीवर आला तेव्हा आजूबाजूला सगळे लाल कोट होते. आपले की त्यांचे, हे त्याला ठरवता येईना. तेवढ्यात फ्रेंच पहारेकरी आले आणि लाल कोटाचे जे जे हलत होते ते सगळे त्यांनी गोळा केले. अशा रीतीनं आमचा फिआक्रा आमच्याच बाजूचा कैदी झाला, इंग्रज म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी कैद्यांची अदलाबदल ठरली. गाड्या तयार होत्या. त्या गाडीत तो बसला असता तर पलीकडे इंग्रजांनी त्याला एका दमात ओळखलं असतं आणि फासावर चढवलं असतं.

सकाळी कैद्यांना प्रेतांसाठी खड्डा खणायला लावलं. मी आणि आमचा सार्जंट मुर्ता आपली माणसं शोधत त्या बाजूनं चाललो होतो. मुर्ता एकदम थांबला.

"अरे, हे बघ काय."

कुरणाच्या कडेला एक वाफा होता. दोन्ही बाजूंनी मातीचे तुकडे गवतासकट कापून मधल्या पट्टीवर उलटे घातलेले, गवतावर गवत. शेजारून सरळ चर. मग दुसरा वाफा. आमच्याकडे बटाटे असेच लावतात. या मुलखात कुणी लावत नाही.

"खड्डा खण म्हणून सांगितलं, तर हा गाढव शेती करतोय!" पहाऱ्यावरचा नाईक गिरो ओरडत होता. तो दक्षिणेकडचा डोंगरातला माणूस. "दोन फटके दिले, तरी तेच!"

तिसऱ्या वाफ्यावर वाकलेला माणूस मान वर करेना. डोक्याला चिंधी, तिच्यावर रक्त वाळलेलं. माती उलटायची ती रीत मी ओळखली.

"नाईकसाहेब, हा आमचा आहे," मुर्ता फ्रेंचमध्ये म्हणाला.

"तुमचा? सकाळपासून एक शब्द फ्रेंच बोलला नाही."

"त्याला येतच नाही."

"आमच्या राजाचा पाव खाऊन?"

"पाव खायला भाषा लागत नाही, राव."

गिरो हसला, पण मान हलवून म्हणाला, "पुरावा दाखव."

मुर्तानं छाती फुगवली आणि इंग्रजीत कवायतीचा हुकूम दिला. फिआक्रा ताठ उभा राहिला. त्याच्या मागे बसलेले सगळे इंग्रज कैदीही ताठ उभे राहिले.

"वा, सार्जंट!" गिरो म्हणाला. "हे सगळेच तुमचे दिसतात. घेऊन जा!"

मुर्ता लाल झाला. मी फिआक्राजवळ गेलो आणि आपल्या बोलीत विचारलं, "काय रे, काय चाललंय?"

"उशीर झालाय," तो म्हणाला. "बटाटे एव्हाना लावून व्हायला हवे होते. तू बियाणं आणलंस ना?"

"कुठे आहेस तू, माहीत आहे का?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू डोकं माझंच फुटलंय. "आमच्या वरच्या शेतात. आणि ही एवढी माणसं का झोपलीत इथे? आई चिडेल."

मग त्याला रडू आलं. का, ते त्यालाही कळत नसावं. फावडं मात्र सोडलं नाही.

गिरोनं विचारलं, "काय म्हणतो?" मुर्तानं जसंच्या तसं सांगितलं. गिरोनं वाकून वाफ्यातलं एक ढेकूळ उचललं आणि बोटांनी चुरलं. त्याच्या गावी काय लावत असतील, देव जाणे.

"न्या त्याला," शेवटी तो म्हणाला. "पण माझा खड्डा राहिलाय. तो कोण खणणार, माझा बाप?"

"आम्ही," मी म्हणालो.

कोट काढले आणि मी आणि मुर्तानं खणायला घेतलं. जमीन चिकणमातीची, फावड्याला सोडत नव्हती. मुर्ता सार्जंट झाल्यापासून फावड्याला शिवला नव्हता. त्याचे तळहात फुटले, पण थांबला नाही. फिआक्रा काठावर बसून आम्हाला चुका सांगत होता. बरोबर सांगत होता. गाड्या निघाल्या तेव्हा आम्ही छातीइतके खाली होतो. खड्डा पुरा करूनच त्याला घेऊन निघालो.

जखम भरली. डोकं पूर्ण जागेवर आलं नाही. तो काम पूर्वीसारखंच करी, मला ओळखी, गोदलीव्हलाही. फक्त आपण घरी पोहोचलोय, असं त्याच्या मनानं घेतलं. छावणीजवळच्या कालव्याला तो आमच्या गावच्या नदीचं नाव देई. आई? ती बाजाराला गेलीय, येईलच. त्याला खरं सांगावं की नाही यावरून माझं आणि मुर्ताचं भांडण व्हायचं. एकदा मी सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू इथे कसा?"

गोदलीव्हनं त्याच्यासमोर पैसे ठेवले आणि बोटीचं विचारलं.

"बोट कशाला?" तो म्हणाला. "आलोय ना. घरात गाय नाही, हे बरं दिसत नाही."

शनिवारी तो बाजारात गेला आणि त्या सगळ्या पैशांतून एक तांबडी गाय घेऊन आला.