व्हिडिओतली सासू

मिरची वाळत घालतात त्या पथारीवर मजुरी नसली की मी अहिराणी व्हिडिओंत छोटी कामं करते. व्हिडिओ बनवणारा आमच्या रनाळे गावातलाच, आमच्या गल्लीतला. मला मावशी म्हणतो. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन मी इथे भाड्याने राहायला आले, तेव्हापासून त्याच्याच घराचा आधार. नवरा कशाने गेला आणि मी रोज कसली गोळी घेते, हे मात्र मुलीशिवाय गावात कुणाला ठाऊक नाही.

यंदा त्याने एड्सवर व्हिडिओ करायचं ठरवलं. मला सासूचं काम दिलं. सून झालेल्या पोरीच्या डोळ्यांखाली त्याने काजळ फासलं, गालांवर डाग काढले. शेवटी ती खाटेवर तडफडून मरते.

मी म्हटलं, "आते गोया भेटतीस रे. टाईमवर खाद्यात तं मानूस मरत नही."

"मावशी, ती वाची गई तं लोके रडतीन कशा? आनि पेशंट पेशंटनामायक दिखाले पाहिजे ना?" मग त्याने सहज विचारलं, "पन तुले इतलं कसं माहीत?"

"टीव्हीवर दखं," मी म्हणाले.

कॅमेरा सुरू झाला. "तुन्हं ताट आजपासून येगळं! मन्हा नातूले हात लावू नको!" मला हे पाठ करावं लागलं नाही. माझ्या सासूने भर अंगणात मला हेच ऐकवलं होतं. शूटिंगवरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

थोड्याच दिवसांत तो व्हिडिओ ज्याच्या त्याच्या फोनवर दिसू लागला. मुलीने मैत्रिणीकडे पाहिला. घरी आली आणि दप्तर न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

"माय, तू बी अशीच मरशी का?"

मी गोळ्यांची डबी दाखवली, डॉक्टर काय म्हणतात ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पण मिरचीच्या ठसक्याने मी खोकले, की ती घास हातात धरून माझं तोंड न्याहाळत बसायची. तिचं जेवण कमी झालं. मधल्या सुट्टीत मला बघायला पथारीवर पळत यायची.

शेवटी मी व्हिडिओवाल्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने चहा दिला. मी हात जोडले. "शेवट बदल रे. नहीतं तो व्हिडिओच काढी टाक."

"इतला लोके दखी ऱ्हायनात, मावशी! काढू कशाले?"

"मले शे तो आजार," मी म्हणाले. "कितला वरीसना शे. दख मन्हाकडे. जिती शे ना मी?"

तो मोठ्याने हसला. "काय अॅक्टिंग करस मावशी! तू तं खाशी धडधाकट शे."

बायको हसली नाही. ती माझ्या हातातल्या कपाकडे बघत होती.

तिथे माझा धीर सुटला. भाड्याची खोली, पथारीवरचं काम, मुलीची शाळा, सगळं डोळ्यांसमोर आलं. "गंमत करी रे," म्हणत मीही हसले. कप विसळून पालथा घातला आणि घरी आले. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बायकोने माझ्याकडे विरजण मागणं बंद केलं.

व्हिडिओ अजून तसाच आहे. मुलगी आता काही विचारत नाही. सकाळी माझ्या आधी उठते आणि माझ्या नाकापाशी हात धरून बघते. मी जागीच असते. तिच्या हाताला लागावा म्हणून श्वास जोराने सोडत, डोळे मिटून तशीच पडून राहते.