सॅक्सोफोन आला आणि गेला

मंडळी, आज डोकं उठलंय म्हणून लिहिते. माझ्या चुका काढत बसू नका.

मी जव्हारजवळच्या एका आश्रमशाळेत जेवण रांधते. आज मुंबईहून जॅझ शिकवणारे सर आले होते. हे संगीत पुढच्या पोरांनी टिकवायचं, म्हणाले.

सर सॅक्सोफोन वाजवताना मधे मधे थांबून श्वास घेत होते. पोरं हसायला लागली. आमच्याकडे तारपा वाजवणारा गालात हवा धरतो, नाकाने श्वास घेतो, सूर तुटू देत नाही.

त्यातली वांगणीची सांगी म्हणाली, "सर दमले वाटतं."

सरांनी हसून सॅक्सोफोन तिच्याच हातात दिला. तिचा बाप तारपा वाजवतो, पण पोरीला हात लावू देत नाही. ती पपईच्या पानाच्या पोकळ देठात फुंकून शिकलीय. आवाज रेड्यासारखा निघाला, पण तुटला नाही.

सर म्हणाले, "मला अजून हे जमत नाही. बाळ, तू रोज वाजव."

मग सगळ्यांना सर्टिफिकेटं वाटली आणि सॅक्सोफोनसकट सामान गाडीत भरलं.

मी विचारलं, "सर, रोज कशात फुंकायचं तिनं? सर्टिफिकेटात?"

"मावशी, उद्या दुसऱ्या शाळेत जायचंय," ते खाली बघत बोलले. माणूस वाईट नव्हता.

दरवर्षी कोणीतरी येतं, शिकवतं, जातं. पोरांची समजूत मी काढते. कंटाळा आलाय आता. कोणाच्या माळ्यावर जुना सॅक्सोफोन पडलाय का? एस्टीने येऊन घेऊन जाईन. नुसतं छान छान लिहू नका.