मासेवाल्या बाईंचा निळा कटोरा

माझ्या कपाटात जुन्या इटालियन काचेचे कटोरे आहेत. चंद्रपूरकडे नोकरी करताना हे कुठून जमवले, असं लोक विचारतात. साहेबांच्या बंगल्यांतल्या सामानाच्या लिलावातून, लाकूड ठेकेदारांच्या शोकेसमधून, नागपूरच्या भंगारातून, असं मी सांगतो. ते खरं आहे. पण मूल गावात माझ्याबद्दल जे चांगलं बोललं जातं, ते खरं नाही.

ऐंशी सालानंतर माझी बदली मूलला झाली. घरामागे तलावातले मासे विकणाऱ्या एक बाई राहत. त्यांचा एकुलता मुलगा खाणीवर आलेल्या एका इटालियन इंजिनियरकडे स्वयंपाकी होता. इंजिनियरनं मायदेशी जाताना त्याला आपला कटोरा दिला, तो त्यानं आईला आणून दिला. पुढच्या पावसाळ्यात मुलगा हिवतापानं गेला.

माझी बायको माहेरी होती तेव्हा बाई त्याच कटोऱ्यात झिंग्यांची भाजी घेऊन आल्या.

"साहेबाले स्टीलच्या वाटीत काय देऊ? पोराचा कटोरा हाये. पाहुणा आला तरच बाहेर निघते."

जाड निळी काच, आत मधाच्या रंगाचा थर, हातानं वळवलेली कड. मी तो धुऊन उजेडात धरला. तसा माझ्याकडे एकही नव्हता.

भांडं रिकामं परत करू नये म्हणतात. काहीतरी घालून देतो, असं सांगत मी दिवस ढकलले. मग विकत मागून पाहिला.

बाई हसल्या. "पोराची वस्तू कोनी इकते का गा साहेब?"

शेवटी त्या न्यायलाच आल्या, तेव्हा मी म्हणालो, "फुटला. हातातून निसटला."

"काच होय, फुटनारच. तुकडे कुठी हायेत?"

"मागच्या नाल्यात टाकले."

दुपारी खिडकीतून पाहिलं, तर लुगडं खोचून त्या नाल्यात उतरल्या होत्या आणि हातांनी चिखल चाळत होत्या. कटोरा माझ्या ट्रंकेत होता. मी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशीही त्या गेल्या. शेजारीण ओरडली, "काऊन वो, सोनं पडलं का तिथी?"

"सोनंच म्हन," त्या म्हणाल्या.

बदली होऊन गेल्यावरही तो कटोरा मला सुखानं पाहता येईना. काही वर्षांनी तो घेऊन मूलला गेलो, सगळं कबूल करायचं ठरवून. गुंडाळलेला कागद काढून तो बाईंच्या हातात दिला. त्यांनी फिरवून फिरवून पाहिला आणि शेजारणींना हाक मारली.

"पाहा वो! अगदी तसाच धुंडून आनला साहेबानं. एवढी आठवन कोन ठेवते!"

मी बोलायला तोंड उघडलं. बायका माझ्याकडे कौतुकानं पाहत होत्या. एकीनं बसायला चटई टाकली. मी बसलो, चहा प्यालो.

"हा रोजच्याले वापरते मी आता," बाई म्हणाल्या. "पोराचा तो पोराचा होता." त्यांनी त्यात मूठभर मीठ भरलं आणि कटोरा चुलीपाशी ठेवला.

बाई आता आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. कटोरा ज्यांच्या घरी असेल त्यांना एवढंच सांगायचं आहे : तो कधी फुटलाच नव्हता. मी दुसरा आणला नाही. तो त्यांच्या मुलाचाच आहे.