मामांचे कंडक्टर
माझ्या बायकोच्या मामांचा या जगात कुणावरही विश्वास नाही. दाढी करताना आरशातल्या माणसाकडेसुद्धा ते जरा तिरकंच बघतात. अकोल्याकडच्या शिरपूरला शाळेत इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले. एका दुकानातली साखर दुसऱ्या दुकानात मोजून घेतात, आणि मग त्या दुसऱ्या काट्यावरही संशय घेतात.

पण त्यांचा खरा राग युरोपातल्या वाद्यवृंदांवर. तरुणपणी अकोल्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी एका जर्मन सिम्फनीची कॅसेट आणली होती. आता मोबाईलवर तीच सिम्फनी निरनिराळ्या मंडळींनी वाजवलेली मिळते आणि मामा एकेकाची उलटतपासणी घेतात. वाद्यवृंद चालवणाऱ्यालाही कंडक्टरच म्हणतात, हे कळल्यापासून त्यांनी त्याला एसटीत उभा केला आहे. "पाहा जवाईबापू, बासरीवाला अजून पायरीवरच हाये, अन यानं डबल बेल मारली." दुसऱ्याला म्हणे गाडी लवकर डेपोत लावायची असते. संथ भाग संथपणे वाजवणारा एकच, आपल्या कॅसेटवरचा. बाकी सगळे चोर. मामी होत्या तेव्हा संध्याकाळी लाईन गेली की दोघं टेप लावून बसत. तूर निवडता निवडता मामींचा हात थांबे. "हा मानूस घाई नाई करत," त्या म्हणत. मामांनी कधीही तपासून न पाहिलेलं असं हे एकच मत.

गेल्या दिवाळीत मी कॅसेटवरचंच ध्वनिमुद्रण मोबाईलवर शोधून काढलं. तोच कंडक्टर, तेच वादक. संथ भाग सुरू झाला आणि मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा बी पळवून राह्यला. कंपनीनं गडबड केली." मग माझ्याकडे बघून, "का तुमी केली?"

माझ्यावरचा आळ जावा म्हणून मी जुना टेप काढायला लावला. वाजेना, सेल पार उतरले होते. नवे आणतो म्हटलं तर मामांनाच नवल वाटलं. त्या घरात नवे सेल टॉर्चला, आणि तिथे उतरले की टेपला.

"अंधारात साप दिसला पाह्यजे. गान्याले जुने चालते."

"नेहमी असंच?"

"पयल्यापासून."

मी नवे सेल आणून घातले. टेप आणि मोबाईल एकाच सुरात, अगदी बरोबरीने धावले. इतकी वर्षं कंडक्टर नव्हे, उतरलेल्या सेलवरचा टेप रेंगाळत होता.

मामांनी टेप बंद केला.

"मंग मी अन तुमची मामी ऐकत होतो, ते कोनीच वाजवलं नवतं?"

त्यांनी सेलवाल्याला शिव्या द्याव्यात, निदान माझ्यावर तरी संशय घ्यावा, असं मला फार वाटलं. पण ते नुसते बसून राहिले, माझं म्हणणं पहिल्यांदाच खरं मानून.